पंधरा बायसनांची आगगाडी

अमेरिकेत मुलगी दिलेल्या बापाने तिकडून परत आल्यावर काय काय सांगू नये, याची एक यादी आमच्या कट्ट्यावरील मंडळींनी करून ठेवली आहे. नायगाराचा धबधबा, तेथील गुळगुळीत रस्ते आणि नारळाएवढाले कांदे हे विषय त्या यादीत अगदी वर आहेत. प्राणिसंग्रहालय मात्र तीत नाही. तेवढ्या आधारावर हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी न्यू जर्सीला मुलीकडे होतो. नात सई नऊ वर्षांची. एका रविवारी तिच्या हट्टाखातर आम्ही सारेजण न्यू यॉर्कचे ब्राँक्स प्राणिसंग्रहालय पाहावयास गेलो. शहराच्या उत्तरेस ब्राँक्स नावाचा भाग आहे. त्याच नावाच्या नदीच्या काठाने २६५ एकरांत हे संग्रहालय पसरलेले आहे. राणीच्या बागेत हत्ती पाहून मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांना एवढ्या विस्ताराची कल्पना येणे कठीण. झाडीतून चालता चालता आपण एका अफाट शहरात आहोत, हेच मनुष्य विसरतो. अखेर माझे गुडघे कुरकुरू लागले तेव्हा एका कुरणाच्या कुंपणाशी बाकावर टेकलो. आत काही काळसर तपकिरी धुडे संथपणे चरत होती. सई कुंपणापाशी धावली आणि तेथूनच ओरडली, “आजोबा, हा तर दाजीपूरचा गवा!”

आदल्या वर्षी ती कोल्हापूरला आली होती, तेव्हा मी तिला दाजीपूरच्या जंगलात नेले होते. संध्याकाळच्या उजेडात, दूर, झाडीच्या कडेला उभा असलेला एक गवा तिने पाहिला होता. तो तिच्या ध्यानात राहिला होता.

पोरीची चूक तशी अगदीच चूक नव्हती. आपल्या गव्याला गोऱ्या शिकाऱ्यांनी ‘इंडियन बायसन’ असे नाव दिले होते आणि दाजीपूरच्या अभयारण्याच्या इंग्रजी नावातही बरीच वर्षे हा ‘बायसन’ ठाण मांडून होता. खरे पाहता दोघे चुलतभाऊ. आपला गवा गुळगुळीत अंगाचा आणि चारही पायांत पांढरे मोजे घातलेला. अमेरिकेचा बायसन खांद्यावर उंच वशिंड, मानेला आयाळ आणि हनुवटीला बोकडासारखी दाढी असा लोकरीचा डोंगर. अमेरिकन लोकांची मौज आणखी पुढची. ते या प्राण्याला सर्रास ‘बफेलो’, म्हणजे म्हैस म्हणतात!

“मग हे इथलेच का?” सईने विचारले.

मला सांगता येईना. शाळेत बत्तीस वर्षे इतिहास शिकविलेल्या माणसाला नातीपुढे ‘ठाऊक नाही’ म्हणावे लागणे ही मोठी नामुष्की. त्याच आठवड्यात जावईबापूंनी मला गावच्या वाचनालयाचे कार्ड काढून दिले आणि उरलेले दिवस मी ब्राँक्सच्या बायसनांच्या मागे लागलो. जे हाती आले ते पुढे देत आहे. ते सारेच गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

या कथेतील मुख्य पात्र म्हणजे विल्यम टेंपल हॉर्नडे. जन्म १८५४ चा, इंडियाना राज्यातला. मेलेल्या जनावरांत पेंढा भरून ती जिवंतासारखी उभी करावयाची, ही या गृहस्थाची विद्या. त्यासाठी जनावरे आणावयाची म्हणजे मारावयाची. न्यू यॉर्क राज्यातील रोचेस्टर येथे संग्रहालयांना असले नमुने पुरविणारी एक पेढी होती. तिच्यासाठी हॉर्नडे १८७७ मध्ये हिंदुस्थानातही येऊन गेले. ते मुंबईस उतरले, इटाव्याकडे यमुना व चंबळ या नद्यांवर त्यांनी मगरींचा भाऊबंद जो घडियाल तो गोळा केला आणि पुढे दक्षिणेत अण्णामलाईच्या रानांत हत्ती आणि वाघ मारले. या मुलुखगिरीवर त्यांनी १८८५ मध्ये एक जाडजूड पुस्तकही प्रसिद्ध केले. आमच्या कोल्हापुरात नव्या राजवाड्यातील पेंढा भरलेली जनावरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या काळची ही हौस वेगळी समजावून सांगावयास नको. मी स्वतः कितीतरी सहली तेथे नेल्या आणि मुलांना ‘काचेला हात लावू नका’ यापलीकडे फारसे काही सांगितले नाही.

परत गेल्यावर हॉर्नडे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात मुख्य चर्मपूरक झाले. १८८६ च्या आरंभी त्यांनी तेथील बायसनांचे नमुने तपासले, तो हाती निघाली थोडीशी जीर्ण कातडी. नवे नमुने कोठे मिळतील म्हणून त्यांनी पश्चिमेकडील पशुपालक, शिकारी, लष्करी अधिकारी यांना पत्रे पाठविली. उत्तरे आली, ती वाचून हा मनुष्य हादरला. बायसन जवळजवळ संपले होते.

हे एकाएकी कसे झाले? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर अमेरिकेच्या गवताळ माळांवर बायसनांची संख्या काही कोटींत होती. कमीत कमी अंदाज तीन कोटींचा आहे. माळांवरील मूळ रहिवासी जमातींचे अन्न, वस्त्र, निवारा सारे या एका प्राण्यावर उभे होते. पुढे आगगाडी आली. १८७१ च्या सुमारास बायसनाचे जाड कातडे कमावून त्याचे कारखान्यांतील यंत्रांना लागणारे पट्टे करण्याची युक्ती साधली आणि कातड्याला बाजार मिळाला. शिकाऱ्यांच्या टोळ्या माळांवर उतरल्या. कातडे तेवढे सोलून घ्यावयाचे आणि धड तेथेच कुजू द्यावयाचे. पुढे पुढे तर माळावर पांढऱ्या पडलेल्या हाडांचाही खतासाठी व्यापार झाला. बायसन संपले म्हणजे जमाती आपोआप शरण येतील, हा हिशेब अनेक सेनाधिकाऱ्यांच्या मनात होताच. दक्षिणेकडचा कळप १८७० च्या दशकात आणि उत्तरेकडचा १८८३ पर्यंत निकालात निघाला.

या बातमीवर हॉर्नडे यांनी काय करावे? त्यांनी बंदूक उचलली आणि मोंटाना गाठले! प्राणी नामशेष होण्याच्या आत चांगले नमुने संग्रहालयात आले पाहिजेत, हे त्यांचे तर्कशास्त्र. १८८६ च्या वसंतात व पुन्हा हिवाळ्याच्या तोंडाशी अशा दोन मोहिमांत त्यांच्या पथकाने सुमारे पंचवीस बायसन टिपले. मोठ्या नरांची कातडी काढताना आत जुन्या, बुजलेल्या जखमांतून दुसऱ्यांच्या गोळ्या निघत. एक वासरू मात्र त्यांनी जिवंत पकडून वॉशिंग्टनला आणले. त्याचे नाव ठेवले सँडी. वाळूच्या रंगाचे ते पोर संग्रहालयाच्या आवारात दोरीला बांधलेले असे आणि त्याला पाहावयास गर्दी लोटे. काही आठवड्यांतच ते मेले.

मनुष्य बदलतो तो नेमका कोणत्या घटकेला, हे इतिहासकाराला सहसा सापडत नाही. येथेही सापडत नाही. पण १८८६ नंतरचा हॉर्नडे निराळा आहे, एवढे खरे. १८८८ मध्ये त्याने सहा बायसनांचा देखावा संग्रहालयात उभा केला आणि देखाव्याच्या तळाशी एक पेटी ठेवून तीत पुढच्या काळातील आपल्या वारसदाराच्या नावे चिठ्ठी लिहून ठेवली. मी माती होऊन गेल्यावरही या जनावरांना जपा, असा तिचा आशय. १९५७ मध्ये तो देखावा मोडताना ती चिठ्ठी सापडली. १८८९ मध्ये बायसनांच्या संहारावर त्याचा अहवाल निघाला. त्या वर्षाच्या १ जानेवारीला साऱ्या उत्तर अमेरिकेत किती बायसन उरले, याची त्याने केलेली मोजदाद अशी : अमेरिकेत मोकळे व निराधार ८५, यलोस्टोनच्या राखीव रानात २००, कॅनडात ५५० आणि माणसांच्या ताब्यात २५६. एकूण १,०९१. कोटींचा आकडा आमच्या एखाद्या खेडेगावाच्या लोकसंख्येवर आला होता.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाची कल्पना मुळात हॉर्नडे यांचीच. तेथे वरिष्ठांशी खटके उडून १८९० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि काही वर्षे जमिनीच्या खरेदी-विक्रीचा धंदा केला. तोही कोणत्या गावी, तर बफेलो या गावी! १८९५ मध्ये न्यू यॉर्क प्राणिशास्त्र संस्था स्थापन झाली. तिने पुढच्या वर्षी त्यांना बोलावून घेतले. ८ नोव्हेंबर १८९९ रोजी ब्राँक्सचे संग्रहालय ८४३ प्राण्यांनिशी लोकांस खुले झाले आणि हॉर्नडे यांनी खास आपल्या लाडक्या जनावरांसाठी कुरण राखले. ठिकठिकाणच्या खासगी कळपांतून बायसन आणून तेथे वाढविले. इकडे यलोस्टोनमध्ये चोरट्या शिकारीमुळे १९०२ पर्यंत दोन डझनही बायसन उरले नव्हते. न्यू यॉर्कच्या ट्रॅमगाड्यांचा खडखडाट ऐकत बायसन वाढत होते आणि त्यांच्या माळावर त्यांचा पत्ता नव्हता.

८ डिसेंबर १९०५ रोजी याच संग्रहालयातील सिंहगृहात मूठभर माणसे जमली आणि ‘अमेरिकन बायसन सोसायटी’ स्थापन झाली. हॉर्नडे अध्यक्ष, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट सन्माननीय अध्यक्ष. रूझवेल्ट यांनीही १८८३ मध्ये एक बायसन मारला होता. म्हणजे मंडळाचे दोन्ही अध्यक्ष जुने शिकारी! त्यांचा संकल्प असा की, संग्रहालयात वाढलेले बायसन पुन्हा माळावर नेऊन सोडावयाचे. पिंजऱ्यात आणण्याची विद्या जगाला ठाऊक होती. पिंजऱ्यातून परत नेण्याचा असा प्रयत्न तेव्हा नवाच होता.

ही हकीकत वाचताना मी मनाशी खूष होतो. सईला सांगावयाची गोष्ट तयार होत होती. आणि मग पुस्तकात १९०६ चा सप्टेंबर आला.

काँगोच्या रानातील म्बुटी जमातीचा ओटा बेंगा नावाचा एक तरुण होता. म्बुटी लोक उंचीने लहान असतात. १९०४ मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात ‘दाखविण्यासाठी’ एका अमेरिकन माणसाने त्याला इतरांबरोबर आणले. पुढे तो त्याच माणसाबरोबर न्यू यॉर्कला आला आणि १९०६ मध्ये ब्राँक्सच्या संग्रहालयात राहू लागला. सप्टेंबरात त्याला माकडांच्या घरातील पिंजऱ्यात, एका ओरांगउटानाच्या संगतीला ठेवण्यात आले. बाहेर पाटी लागली : नाव, वय, उंची, वजन, कोठून आणला आणि रोज दुपारी पाहावयास मिळेल. माणसाच्या पिंजऱ्यापुढे माणसांची झुंबड उडाली. एका रविवारी संग्रहालयात सुमारे ४०,००० लोक आले म्हणतात. पोरे त्याच्यामागे हुर्यो करीत धावत. हे सारे आमच्या कथानायकाच्या, हॉर्नडे यांच्या संमतीने चालले होते आणि यात काही वावगे आहे हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही. संस्थेचे चिटणीस मॅडिसन ग्रँट यांचाही पाठिंबा होता. याच ग्रँट यांनी १९१६ मध्ये गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वावर एक कुप्रसिद्ध ग्रंथ लिहिला.

निषेधाला उभे राहिले ते शहरातील कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. त्यांचे पुढारी रेव्हरंड जेम्स गॉर्डन. ते नगराध्यक्षांकडे गेले, नगराध्यक्षांनी भेट नाकारली. ते वर्तमानपत्रांतून बोलत राहिले, कायद्याची भाषा करू लागले. अखेर महिना संपण्याच्या सुमारास ओटा बेंगा सुटला आणि ब्रुकलिनच्या अनाथाश्रमात गेला. पुढे तो व्हर्जिनियातील लिंचबर्गला राहिला, तंबाखूच्या कारखान्यात कामाला लागला, मुलांना रानातली विद्या शिकवू लागला. त्याला घरी, काँगोला जावयाचे होते. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि समुद्रावरची वाट बंद झाली. मार्च १९१६ मध्ये त्याने स्वतःचे जीवन संपविले.

मी पुस्तक मिटले. त्या रात्री सईने विचारले, “आजोबा, बायसनची गोष्ट?” मी म्हटले, “उद्या.”

नऊ वर्षांच्या मुलीला हे सांगावे काय? न सांगितले तर कोणाचे काय बिघडणार होते? बायसनांची गोष्ट तेवढ्याने अधिकच सुरेख होणार होती. शाळेतही मी हेच करीत आलो होतो. धडा जितका नीटस तितका तास चांगला. या विचारात असताना मला वडिलांची आठवण झाली.

माझे वडील कोल्हापुरात शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नव्या चोपड्यांवर हळदकुंकू वाहताना त्यांचा चेहरा देवघरात असावा तसा होई. एकदा जुनी चोपडी चाळताना एक चुकलेली नोंद मला दिसली. मी म्हणालो, “अण्णा, ही खोडून टाकू?” ते जवळजवळ ओरडले, “खाडाखोड करायची नाही! चूक झाली तर खाली दुसरी नोंद घालायची. खोडलेल्या चोपडीवर कोण विश्वास ठेवील?” अडतीच्या मालकांची चूक असली तरी ती तशीच राहू देणारा हा मनुष्य, आणि त्याचा मुलगा नातीसाठी न्यू यॉर्कची चोपडी खोडावयास निघालेला!

तेव्हा पुढची नोंद अशी.

ओटा बेंगा पिंजऱ्यातून सुटल्यावर सुमारे वर्षभराने, ११ ऑक्टोबर १९०७ रोजी, त्याच संग्रहालयातून पंधरा बायसन निघाले. नऊ माद्या, सहा नर. प्रत्येकाला स्वतंत्र लाकडी पेटारा. फोर्डम स्टेशनावर ते पेटारे आगगाडीच्या डब्यांत चढविले आणि गाडी ओक्लाहोमाच्या दिशेने निघाली. सात दिवसांचा प्रवास झाला. १८ ऑक्टोबरला गाडी केश नावाच्या लहानशा स्टेशनात पोचली. ओक्लाहोमाला राज्याचा दर्जा मिळावयास अजून महिना होता. पेटारे घोड्यांच्या गाड्यांत उतरवून विचिटा डोंगरांतील राखीव रानात नेले. त्या भागात गोचिडांच्या तापाची भीती म्हणून बायसनांना खनिज तेलाने न्हाऊ घातले, असेही वाचले. त्या लोकरी डोंगरांना तेलाचे अभ्यंगस्नान घालण्याची ती दिवाळी कशी झाली असेल, हे ज्याचे त्याने मनाशी चित्र काढावे.

स्टेशनावर गर्दी जमली होती. तीत कोमांची जमातीचे पुढारी क्वाना पार्कर होते. १८७४ मध्ये याच क्वानांनी बायसन मारणाऱ्या शिकाऱ्यांच्या ठाण्यावर हल्ला चढविला होता. बायसन गेले की आपण गेलो, हे त्यांना तेव्हाच कळले होते. तो हल्ला फसला आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना शरण यावे लागले. आता तेहतीस वर्षांनी न्यू यॉर्कहून आगगाडीने बायसन परत येत होते. म्हाताऱ्या कोतऱ्यांनी ते ओळखले. पोरांनी ते जन्मात प्रथम पाहिले.

मात्र येथेही नावेची बाजू आहे. ज्या रानात हे बायसन सोडले ती भूमी कोमांची, कायोवा व अपाची जमातींची. १९०१ मध्ये सरकारने या जमातींचा मुलूख गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी खुला केला होता. बायसनांना माळ परत मिळाला, माळाच्या मालकांना मिळाला नाही. आणखी एक गोष्ट. बायसन वाचविण्याचे श्रेय आपण न्यू यॉर्कच्या मंडळींना देतो. परंतु त्यांच्याही आधी, १८७० च्या दशकात, मोंटानातील फ्लॅटहेड खोऱ्यातील मूळ रहिवाशांनी काही वासरे आणून वाढविली होती. तो कळप पुढे मिशेल पाब्लो आणि चार्ल्स अलार्ड यांनी सांभाळला. आजच्या कितीतरी बायसनांचे मूळ त्या कळपात आहे. १९०८ मध्ये सरकारने त्याच खोऱ्यातील जमातींची जमीन घेऊन तेथे राष्ट्रीय बायसन रान केले. ते रान जमातींना परत देण्याचा कायदा झाला डिसेंबर २०२० मध्ये.

विचिटात सोडलेल्या पंधरांचे पुढे बरे झाले. आज त्या डोंगरांत सुमारे ६५० बायसन आहेत. १९१३ मध्ये ब्राँक्सहून आणखी चौदा बायसन दक्षिण डकोटातील विंड केव्हच्या राष्ट्रीय उद्यानात गेले. आज साऱ्या उत्तर अमेरिकेत पाचएक लाख बायसन आहेत. त्यांतील बहुतेक मांसासाठी पाळलेले. निव्वळ जातीच्या रक्षणासाठी राखलेल्या कळपांत वीस-तीस हजार. २०१६ मध्ये बायसन हा अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी ठरला.

हॉर्नडे १९२६ मध्ये निवृत्त झाले. पण संग्रहालय बदलत राहिले. महिलावर्गाला आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. १९४४ मध्ये सिंहगृहातील एका रखवालदाराच्या पत्नीने, हेलन मार्टिनी या बाईंनी, आईने टाकलेले वाघाचे तीन बच्चे आपल्या घरी बाटलीने दूध पाजून वाढविले. नावे ठेवली राजपूर, डाक्का आणि राणीगंज! न्यू यॉर्कच्या बिऱ्हाडात राणीगंज अंथरुणावर लोळत असेल, असे वाचून मला हसू आवरेना. पुढे बाईंनी सिंहगृहातील एका अडगळीच्या खोलीत पिल्लांचे संगोपनगृह थाटले आणि त्या या संग्रहालयाच्या पहिल्या स्त्री-रखवालदार झाल्या.

आणि सईच्या गव्याचाही या संग्रहालयाशी संबंध आहे. १९८१ मध्ये येथे फ्लॉसी नावाच्या साध्या होल्स्टीन गाईच्या पोटी गव्याचे वासरू जन्मले! गव्याच्या मादीचा गर्भ गाईच्या गर्भाशयात ठेवून हा प्रयोग केला होता. वासराचे नाव मनहर. दुर्मिळ जातीच्या पिल्लाला सामान्य जातीची आई उसनी देता येईल काय, याची ती परीक्षा होती. कान्ह्याच्या जंगलात १९६३ ते १९६५ या काळात वाघ, हरणे व गवे यांचा अभ्यास करणारे जॉर्ज शॅलर हेही पुढे याच संस्थेत आले. संग्रहालयाबाहेर, प्राण्यांच्या मूळ रानात जाऊन काम करणे हा संस्थेचा मोठा उद्योग झाला. १९९३ मध्ये तिने नावही बदलून ‘वन्यजीव संवर्धन संस्था’ असे अर्थाचे घेतले. १९९९ मध्ये गोरिलांसाठी काँगोच्या नावाचे प्रशस्त वन ब्राँक्समध्ये उभे राहिले आणि त्याच्या प्रवेशाचे पैसे मध्य आफ्रिकेतील रानांच्या रक्षणाकडे वळविले. काँगो हे नाव त्या संग्रहालयात अशा रीतीने परत आले.

ओटा बेंगाविषयी मात्र संस्था फार काळ गप्प होती. जुलै २०२० मध्ये तिने जाहीर माफी मागितली, जुनी कागदपत्रे खुली केली आणि ग्रँट प्रभृतींच्या वंशद्वेषी विचारांचाही धिक्कार केला. १९०६ पासून मोजले तर ११४ वर्षे झाली होती. उशीर म्हणावा तर फारच. पण खाडाखोड न करता खाली घातलेली ही दुसरी नोंद होती.

दुसऱ्या रात्री मी सईला सारे सांगितले. जेवढे तिच्या वयाला पेलेल तेवढ्या शब्दांत, पण ओटा बेंगाला न वगळता. तो शेवटी कसा गेला, एवढेच फक्त ‘तो घरी जाऊ शकला नाही’ या शब्दांत सांगितले. ती बराच वेळ पंख्याकडे पाहत पडून राहिली. मला वाटले, आता विचारणार, हॉर्नडे चांगला की वाईट. या प्रश्नाचे उत्तर मी तयार ठेवले होते. जमा आणि नावे, दोन्ही बाजू वाचाव्यात, वगैरे.

तिने ते विचारलेच नाही. ती म्हणाली, “आजोबा, बायसनना घरी जायला आगगाडी मिळाली. मग त्याला बोट का नाही मिळाली?”

बत्तीस वर्षे शिकविलेला इतिहास त्या घटकेला माझ्या उपयोगी पडला नाही. मी तिच्या अंगावर पांघरूण घातले आणि दिवा मालवला.

इकडे परत आल्यावर मी एकटाच दाजीपूरला जाऊन आलो. ते रान एके काळी कोल्हापूरकर महाराजांचे शिकारीचे राखीव रान. १९५८ मध्ये तेच गव्यांसाठी अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. तेथेही बंदुकीनेच रान राखले आणि मग बंदूक खाली ठेवली, असा जमाखर्च आहे. परतताना मला डिसेंबर २०२० मधला पुण्याचा गवा आठवला. वाट चुकून कोथरुडात शिरलेल्या त्या जनावरामागे केवढा जमाव धावला होता! फोटो काढीत, ओरडत, गल्ल्यागल्ल्यांतून. धावून धावून तो थकला आणि पकडल्यानंतर थोड्याच वेळात मेला. १९०६ च्या ब्राँक्सच्या जमावाला नावे ठेवताना ही नोंद आपल्याही चोपडीत आहे, हे विसरता येत नाही.

या दिवाळीला सई येणार आहे. लक्ष्मीपूजनाला वडिलांची जुनी चोपडी मी अजूनही पाटावर ठेवतो. तिच्यातली ती चुकीची नोंद आणि तिच्याखालची दुरुस्ती तिला दाखवावयाची आहे. मग पाडवा झाला की आम्ही दोघे दाजीपूरला जाऊ. गवा दिसला तर लांबूनच पाहू आणि हळू बोलू.